चिंचेच्या वळणापर्यंतचा दम

माझा आजार सगळ्यात आधी डोंगराला कळला. मला त्यानंतर, डॉक्टरांना आणखी नंतर. घरच्यांना तो नीट पटला तोवर माझ्या अर्ध्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या.

आमचं गाव संगमनेर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. घरामागून बैलगाडीची जुनी वाट वर जाते. आधी शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड लागतो, मग चिंचेचं वळण, मग खडी चढण आणि शेवटी खिंड. खिंडीतून पलीकडची सगळी शिवारं दिसतात, सकाळी धुक्यात बुडालेली. ही वाट मी गिअरच्या सायकलवरून चढते. सायकल हिरवी, जाड टायरची, कॉलेजातल्या एका सीनिअर मुलीची वापरलेली. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आत्ताही सांगितलंच. गावच्या दूध संकलन केंद्रावर मी दूध तपासते, आणि रविवारी सकाळी गावातल्या पाच मुलींना घेऊन डोंगर चढते. सायकली दोनच. एक माझी, एक ऋतुजाच्या मामाने तिला दिलेली. बाकीच्या पाळीपाळीने.

लोक विचारायचे, पोरींना डोंगरावर सायकल कशाला? रस्ता काय कमी आहे का? मला तेव्हा धड उत्तर देता यायचं नाही. चढणीवर एक वेळ अशी येते की श्वास, चाक, श्वास, चाक, एवढंच उरतं. कुणी हाक मारत नाही, पाणी आण म्हणत नाही, ओढणी नीट घे म्हणत नाही. डोळे उघडे असतात, पण झोपेत चालल्यासारखं वाटतं. वाट आपोआप मागे सरकते आणि घायपाताचे उंच दांडे एकेक करून जवळ येतात. हे कसं सांगायचं कुणाला?

आणि उतारावर मी मुलींना एकच सांगायचे. दगडाकडे बघू नका, जिथून जायचंय तिकडे बघा. दगडाकडे बघत राहिलं की चाक दगडावरच जातं. मुली पडायच्या, गुडघे खरचटायचे, हसायच्या. आमच्याकडे मुलींना पडू नको एवढंच सांगतात. पडायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

तर फेब्रुवारीत एका रविवारी मी चिंचेपाशी उतरले. तिथे मी कधी उतरत नसे. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच. तिसऱ्या रविवारी डाव्या कुशीत कुणी चिमटा घ्यावा तशी कळ आली. कोरडा खोकला तर महिनाभर होताच. मी म्हणायचे, वाटेची धूळ आहे.

ऋतुजा, वय चौदा, जिभेला हाड नाही, म्हणाली, "ताई, तुमचा दम चिंचंलाच संपतोय. म्हाताऱ्या झाल्या काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हसताना कळ आली. सपाटीवर मला काहीच होत नव्हतं. डोंगर नसता तर मी तो खोकला धुळीच्या नावावर आणखी किती दिवस ढकलला असता, कोण जाणे.

पांढरी बाजू

संगमनेरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावला. उजवी बाजू काळी, मोकळी. डावीकडे खाली पांढरं पसरलेलं, आमच्या खिंडीतून दिसणाऱ्या धुक्यासारखं. मला आधी ते चक्क सुंदर वाटलं. मग कळलं की ते माझ्या छातीत आहे.

"किती दिवसांपासून दम लागतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"चिंचेपासून," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर केला. मग मी सगळं सांगितलं, वाट, वळण, तीन रविवार. त्यांनी ते खरंच ऐकून घेतलं. म्हणाले, "छातीत पाणी झालंय. टीबीचं असावं, तपासून नक्की सांगतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही न चुकवता, की पूर्ण बरी होशील. बरेच जण माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना जिना चढवत नाही. तू लवकर आलीस. तुझ्या डोंगराचे आभार मान."

शेजारी आण्णा, म्हणजे माझे वडील, टोपी हातात घेऊन उभे होते. टीबी हा शब्द ऐकल्यावर त्यांनी टोपीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर आल्यावर म्हणाले, "डोंगरावर गेलीच नसती तर दम लागलाच नसता."

"आण्णा, दम लागला म्हणून तर कळलं."

"मला शिकवू नको. सायकल बंद."

आण्णा असे आहेत की भीती वाटली की काहीतरी बंद करतात. मागे मोटारीचा शॉक लागला तेव्हा आठ दिवस घरातले सगळे दिवे बंद ठेवले होते.

तीन गोळे

पाच दिवस दवाखान्यात होते. पहिल्याच दिवशी पाठीतून सुई घालून पाणी काढलं. मी टेबलावर हात टेकून वाकून बसले होते आणि सिस्टर म्हणाली, "हलायचं नाही हं." सुईकडे बघायचं नाही, जिथून जायचंय तिकडे बघायचं. समोर भिंतीवर रंगाचा पोपडा निघालेला होता. मी त्या पोपड्यातून एक वाट काढली आणि ती चढत गेले. बाटलीत उतरलेलं पाणी ताकाच्या निवळीसारखं होतं. तपासणीत टीबीच निघाला. दूध तपासणाऱ्या बाईचा स्वतःचा रिपोर्ट दुसऱ्या कुणी लिहावा, याचं मला उगाच वाईट वाटलं.

डॉक्टरांनी आईला समजावलं की माझ्या थुंकीत जंतू नाहीत, माझ्यापासून घरच्यांना धोका नाही. आईने मान डोलावली. आईची मान कशालाही डोलते.

मग मला तीन निळे गोळे असलेलं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळे वर चढतात. पहिल्या दिवशी एकच चढला, तोही अर्धा. मी त्यांना नावं दिली. पहिला म्हसोबा, दुसरा चिंच, तिसरा खिंड. दुपारनंतर ताप चढायचा आणि वरचा पंखा करकर करत फिरायचा, अगदी उतारावर पॅडल न मारता सोडलेल्या चाकासारखा. डोळे मिटले की मी वाटेवर असायचे. वाट मऊ असायची, पायांना वजन नसायचं, म्हसोबाच्या दगडावरचा शेंदूर ओला असायचा. चिंचेपाशी आलं की झाड हळूच खाली वाकायचं आणि विचारायचं, उतरतेस का? मी म्हणायचे, नाही. आणि तिथेच जाग यायची, घामाने चिंब.

चौथ्या दिवशी दुसरा गोळा वर टेकला. मी नळी तोंडात धरूनच "चिंच!" असं ओरडले. सिस्टरला वाटलं मला चिंच खावीशी वाटते. म्हणाली, "आंबट नको सध्या, खोकला वाढंल."

निमोनिया

घरी आले तेव्हा सायकल नव्हती. तिची जागा, गोठ्याची भिंत, रिकामी होती. भिंतीवर हँडल घासून पडलेली रेघ तेवढी होती.

"आण्णा भंगारात घालीत हुते," आई नजर चुकवून म्हणाली. "म्या म्हनलं, नको, देवळालीला आत्याकडं दिऊन टाकली. तिच्या नातवाला हुईल."

त्याच आठवड्यात देवळाली प्रवराहून आत्या मला भेटायला आली. तोंडाला पदर लावून दारातच बसली. तिला सायकलीचं विचारायचं माझ्या मनात होतं, पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"स्थळं येत्याल आता. काय सांगनार हायेस, वैनी? टीबी म्हनशीन?"

"मंग काय सांगू?" आई म्हणाली.

"निमोनिया झाल्ता म्हनायचं. निमोनिया कुनालाबी हुतो."

आण्णांनी होकार दिला आणि घरात निमोनिया ठरला. आजार असा बैठकीत ठरतो, हे मला बी.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा पेला आणि तांब्या मात्र खिडकीत वेगळा ठेवला गेला. डॉक्टर काय म्हणाले होते ते आईला आठवत होतं. भीतीला आठवत नव्हतं.  रोज सकाळी त्या पेल्याने पाणी पिताना घशात गोळीपेक्षा तो पेला जास्त अडकायचा.

गोळ्या घेताना आमच्या गावच्या आशा सेविका सुनंदाताई समोर बसायच्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी संडासातून किंचाळले. ताईंनी तसं होईल म्हणून आदल्या दिवशी बजावलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. मळमळायचं. तोंडाची चव गेली. कुणी भाजी कशी झाली विचारलं की रडू यायचं. हे सगळं होतं आणि जातं, म्हणून लिहून ठेवते.

एका सकाळी ताईंनी खिडकीतला पेला पाहिला. आईला काही म्हणाल्या नाहीत. त्यातच माठातलं पाणी घेतलं, तोंड लावून घटाघटा प्यायल्या, पदराने ओठ पुसले आणि म्हणाल्या, "ऊन किती झालंय ओ वहिनी." पेला त्यांनी मांडणीत बाकीच्या पेल्यांत ठेवला. आई बघत राहिली. त्या दिवसानंतर तो पेला खिडकीत गेला नाही. आता तो कुठला, हे मलाही ओळखू येत नाही.

सायकलनं काय होतं

वैशाखात ऋतुजा गोठ्यामागच्या कुंपणावरून आली. समोरच्या दाराने यायला तिला बंदी होती.

"ताई, आई म्हनती, सायकलनं पोरींच्या छातीत पानी हुतं. मामाची सायकल माळ्यावर टाकली. सगळ्यांचंच बंद."

ती हसत नव्हती. मी तिला पहिल्यांदाच न हसताना पाहिलं.

मला आतापर्यंत स्वतःचंच वाईट वाटत होतं, पाणी झालं, पेला वेगळा झाला, सायकल गेली. पण त्या पाच मुलींचा रविवार माझ्या निमोनियाने खाल्ला होता. आम्ही आजाराचं नाव लपवलं आणि गावाने ती रिकामी जागा सायकलने भरली. मी खरं बोलले नाही तर ऋतुजा पुन्हा कधी त्या वाटेवर जाणार नव्हती. जिला माझा दम माझ्याआधी कळला होता, तिची स्वतःची वाट बंद झाली होती.

तिसऱ्या महिन्यात मी केंद्रावर कामाला परत गेले. सकाळी किटल्या घेऊन बायका रांगेत होत्या. ऋतुजाची आई मंदाकाकू पुढेच होती. तिने किटली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली.

मी हातातलं काम थांबवलं. 

"काकू, मला निमोनिया झाला नव्हता," मी म्हणाले. "टीबी झालाय. अजून तीन महिने गोळ्या आहेत. माझ्यामुळे तुम्हाला लागत नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. आणि सायकलनं झालेला नाही. सायकल होती म्हणून कळलं. चढणीला दम तुटला म्हणून मी दवाखान्यात गेले. नाहीतर अजून खोकतच बसले असते."

 कुणाची तरी किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मागून एक म्हातारी म्हणाली, "लगीन व्हायचंय की गं तुझं. कशाला बोल्ती?"

"बोलल्यावर जो येईल तो खरा येईल, आजी."

मंदाकाकूने किटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाली, "म्हया भावाला झाल्ता. आमीबी निमोनियाच म्हनलं. लई दिवस म्हनलं."  तिने किटली पुढे सरकवली आणि या वेळी मागे सरकली नाही.

त्या दिवशी सगळ्यांच्या दुधाचं फॅट मी दोनदा तपासलं. 

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. आण्णा ओट्यावर बसले होते. मला वाटलं, आता आणखी काहीतरी बंद होणार. ते एवढंच म्हणाले, "गोळी घेतली का?"

गंज

आमच्या गोठ्याशेजारी कडब्याची गंज असते. मार्चमध्ये ज्वारी निघाली की पेंढ्या रचून उंच गंज लावायची आणि पावसाळाभर गायींना त्यातलाच कडबा कुट्टी करून घालायचा. त्या वर्षी मी दवाखान्यात असताना गंज लागली. लावून घ्यायला आई होती.

पावसाळ्यात मी पाहिलं, आई आण्णांना सारखी सांगायची, "उगवतीच्या बाजूनं पेंढ्या वढा. मावळतीला हात लावू नका, पानी शिरतं." आण्णाही कधी नव्हे ते निमूट ऐकायचे. गंज एकीकडून झिजत चालली, खाल्लेल्या भाकरीसारखी.

भाद्रपदात एका दुपारी आई मळ्यात होती, गाय हंबरत होती, म्हणून मी पेंढी ओढायला गेले. चुकून मावळतीकडून. हाताला कडब्याच्या ऐवजी रबर लागलं. काळी, खरबरीत मूठ. मी आणखी दोन पेंढ्या सरकवल्या. हिरवं हँडल, त्यावर घंटी. मी तिथेच कडब्यावर बसले. सहा महिने मी तिला देवळालीत कुणाच्या तरी दारात गंजताना बघत होते, आणि ती इथे होती, माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर, कोरड्या गवतात झोपलेली. मला वाटलं, घंटी वाजवली तर ती जागी होईल. मी वाजवली नाही.

आई मागे येऊन उभी होती. "झाक ती," कुजबुजत म्हणाली. "अजून पंधरा दिवसांच्या गोळ्या हायेत. आण्णांनी बघितलं तर जाईल भंगारात."

"आई, गायी गंज खाणार, हे तुझ्या ध्यानात नाही आलं?"

आईने जरा विचार केला. "तवा कुठं एवढं सुचतंय गं. तू दवाखान्यात. म्या आपली दिसल ती जागा धरली."

पंधरा दिवस आम्ही दोघींनी मिळून ती गंज राखली. गायी खात होत्या, गंज आटत होती, गोळ्या संपत होत्या. शेवटच्या एक्स-रेत धुकं निवळलं होतं. खाली कोपऱ्यात एक लहानशी रेघ होती, ती राहणार. डॉक्टर म्हणाले, "ती आठवण. डोंगर हळूहळू सुरू कर. दम थांब म्हणाला की थांब."

आण्णा शेजारीच होते. टोपीची घडी घालत होते.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची सगळी अवजारं, यंत्रं धुऊन त्यांची पूजा होते. आण्णांनी अंगणात विळे, कुदळी, कुट्टी मशीन, फवारणीचा पंप, मोटारसायकल ओळीने मांडलं. झेंडूच्या माळा घातल्या. आई आरतीचं ताट घेऊन आली. तेवढ्यात आण्णा म्हणाले, "थांब, एक राहिलं."

ते गंजीकडे गेले. थेट मावळतीच्या बाजूला. उरलेल्या चार पेंढ्या बाजूला केल्या आणि सायकल ओढून बाहेर काढली. तिच्या तारांमध्ये कडबा अडकला होता. दोन्ही टायर बसले होते. आईच्या हातातलं ताट कलंडायचंच राहिलं.

"तुमाला कधी..."

"श्रावणातच लागली हाताला," आण्णा म्हणाले. "म्हनून तर उगवतीकडून वढीत हुतो. तुला काय वाटलं, तुझं ऐकतो मी?"

"मंग बोलला का न्हाई?"

"पोरगी गोळ्या खात हुती. सायकल दिसली की हिचं ध्यान डोंगरावर जाईल म्हनलं. आधी गोळ्या संपू द्या." त्यांनी उपरण्याने सीट पुसली, उरलेली माळ हँडलला घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिंचंपतोर. त्याच्याम्होरं न्हाई."

चिंच

पुढच्या रविवारी ऋतुजा समोरच्या दाराने आली, मामाची सायकल घेऊन. मागे चौघी. मंदाकाकू रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. "खोकली कुनी तर घरी येऊन सांगायचं, लपवायचं न्हाई," एवढंच म्हणाली.

वाटेवर कुसळीचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. म्हसोबा मागे गेला. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, सगळ्यांच्या मागे. माळेतला झेंडू एकेक पाकळी करून वाटेवर गळत होता. श्वास, चाक, श्वास, चाक. तापातल्या स्वप्नात पायांना वजन नसायचं. आता होतं, भरपूर होतं, आणि ते वजन मला फार आवडलं.

आज कुणी मला विचारलं, पोरींना डोंगरावर सायकल कशाला, तर मी सांगेन. आपल्या छातीत किती श्वास मावतो हे पोरीला स्वतःला माहीत असावं, म्हणून. तो कमी झाला तर तिला सगळ्यांच्या आधी कळावं, म्हणून. आणि तुमच्यापैकी कुणाच्या उशाशी आत्ता गोळ्यांचं पाकीट असेल, तर त्यांना एवढंच, आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. गोळी चुकवू नका. आणि तुमची चिंच कुठली आहे ते लक्षात ठेवा.

मी चिंचेपाशी पोचले. एक पाय जमिनीला टेकवला. सांगितलं होतं म्हणून थांबले, दम होता. ऋतुजा पुढच्या चढणीवरून ओरडली, "ताई, येताय ना?"

मी खाली बघितलं. आमचं घर आगपेटीएवढं. गंज होती तिथे आता फक्त फिकट चौकोन. त्या चौकोनात पांढरी टोपी घातलेला माणूस उभा होता, डोळ्यांवर हात धरून. मी हात हलवला.  त्याने डोळ्यांवरचा हात काढला आणि हवेत उचलला. तो हात खाली बोलावत नव्हता. खिंडीकडे दाखवत होता.

मी पाय पॅडलवर ठेवला.